काच खाणारं शेवाळ

शेवाळ-पथकाच्या माणसाने हातोड्याचा पहिला घाव मत्स्यपेटीवर घातला. पाणी पलंगाखाली शिरलं, मासे फरशीवर तडफडू लागले. मग खिडक्या, आरसा, बरण्या फुटत गेल्या. तपकिरी शेवाळ काच खाऊ लागल्यापासून नियमच होता, डाग दिसला की घरात काच उरता कामा नये.

"डाग कधीपासून आहे, वहिनी?" पथकप्रमुख धोंगड्यांनी विचारलं.

"कालच दिसला," मालविका म्हणाली. खरं तर तीन आठवडे झाले होते. लेक इराला माशांचा लळा, म्हणून मालविका मत्स्यपेटीवरचा तो डाग रोज जुन्या टूथब्रशने घासत होती आणि त्याच हातांनी इराच्या मांडीत नवं हाड बसवल्याच्या जखमेची पट्टी बदलत होती.

धोंगड्यांचं लक्ष त्या पट्टीकडे गेलं. "हाड बसवलंय का हिच्या मांडीत? कशाचं?"

"धातूचं."

"काचेचं गं, आई!" पलंगावरून इरा म्हणाली. "डॉक्टरकाका नाही का म्हणाले?"

धोंगड्यांनी पट्टी उचलली. टाक्यांच्या कडेने तपकिरी रेघ उमटली होती. "हेही काढावं लागेल," म्हणत ते इराला उचलायला वाकले, तोच पथकाच्या माणसाने खाली ठेवलेला हातोडा उचलून मालविकेने त्यांच्या मनगटावर हाणला. मनगट मोडलं.

"आई, नको ना!" इरा पलंगावरून उतरली. पाय टेकताच मांडीत कच्चकन आवाज झाला आणि ती कोसळली. रक्ताबरोबर बारीक काच बाहेर आली.

मालविका थिजली. धोंगड्यांनी दुसऱ्या, धड हाताने कमरेचा पट्टा उपसून इराच्या मांडीभोवती गुंडाळला.

"दुसरं टोक तुम्ही ओढा, वहिनी!" ते ओरडले. "पाय गेला तरी पोर जगेल. ओढा!"