झाकलेले बिल्ले

जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली आणि ओतूरच्या एसटी स्टँडवर पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या झाकल्या गेल्या. ते बघून ठमाबाईंनीही आपल्या चहाच्या हॉटेलातल्या काचेच्या पेटीवर पेपर चिकटवून टाकला. पेटीत त्यांच्या मुलानं, गोरखनं, वीस वर्षं जमवलेले परदेशातल्या जुन्या निवडणुकांचे प्रचाराचे बिल्ले होते. "उगं लफडं नको," त्या म्हणाल्या.

दुपारी निवडणुकीचं भरारी पथक चहाला आलं. साहेबांची नजर नेमकी पेटीवर गेली.

"यात काय लपवलंय?"

गोरख हातातली किटली ठेवून पेटीजवळ आला. आता जप्त झाले तर हे बिल्ले परत कुठून आणायचे?

"बिल्ले हायेत साहेब, प्रचाराचे. पण आपल्याकडचे न्हाईत. आईनं भिऊन झाकलेत."

साहेबांनी कागदाचं टोक उचलून आत पाहिलं. अमेरिका, फ्रान्स, जपान. एकेक बिल्ला बघत ते हसायला लागले.

"यातलं कुणी आपल्या गटात उभं नाही. राहू द्या."

गोरखचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेब दारातून परत वळले.

"कागद मात्र आत्ताच्या आत्ता काढा. त्याच्यावर इथल्याच उमेदवाराची पानभर जाहिरात आहे."