उद्याची थिएटर प्रिंट

माणसाने अखेर काळावर मात केली आणि प्रत्येकाचा उद्याचा दिवस आदल्या संध्याकाळीच पडद्यावर बघायची सोय झाली. पंधरवड्यात त्याच्या चोरट्या कॉप्या मिरजेत फुकट फिरू लागल्या.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर आरवाडे रोज चहा घेता घेता नवे रिलीज चाळायचे आणि कुणाची प्रिंट स्वच्छ आहे ते ग्रुपला कळवायचे. आज सगळ्यांत वर त्यांचंच नाव होतं: ‘आरवाडे, उद्याचा दिवस. थिएटर प्रिंट.’

मास्तर चक्रावले. बाकीच्यांचे दिवस हे दिवस दाखवणाऱ्या कंपनीच्या मशीनमधून थेट उचललेले असायचे. थिएटर प्रिंट म्हणजे कुणीतरी तिकीट काढून, अंधारात बसून, पडद्यावरून गुपचूप शूट केलेली.

त्यांनी ती लावली. मास्तर दाढी करत होते आणि खाली प्रेक्षकांची काळी डोकी दिसत होती. त्यांचा गाल कापला तेव्हा हॉल खदखदून हसला. मग ते गच्चीचा जिना चढू लागले, तसा हॉल गप्प झाला. वरच्या पायरीवर पडदा पांढरा पडला. लोक सावकाश उठून बाहेर निघाले. एक डोकं तेवढं मागे वळून थेट मास्तरांकडे बघत राहिलं.

त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई खुर्चीमागे येऊन कधीच्या उभ्या होत्या.

“मी उद्या गच्चीवर जाणार नाही,” मास्तर म्हणाले.

“नका जाऊ,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “पण ती प्रिंट जरा मागे घ्या. उद्या नळाला पाणी येतंय का, तेवढं बघू द्या.”