डेक्लनचा उजवा डोळा

चार दिवस झाले, डेक्लन सकाळी सकाळी बाथरूम अडवून बसायचा आणि आत काहीतरी पुटपुटत राहायचा. सुप्रभाबाईंचं डोकं फिरलं होतं. वरची खोली भाड्यानं दिली म्हणजे घर विकलं की काय? आधी त्यांना वाटलं, पोरगं जप करतंय. कान लावून ऐकलं तर सुटी इंग्रजी अक्षरं. रोज तीच, रोज त्याच क्रमानं.

बावीस वर्षांचा आयरिश मुलगा. दिवसा लंडनच्या वेम्बली भागातल्या बांधकामांवर राबायचा आणि संध्याकाळी हर्लिंग खेळायचा. हर्लिंग म्हणजे काय, तर रुंद पात्याची काठी घेऊन धावायचं आणि संत्र्याएवढा कातडी चेंडू हवेतल्या हवेत बडवायचा. माणसंही बडवली जातात, ते वेगळंच. वर एक पेनीही मिळत नाही.

"मानासाठी खेळतात, आंटी," तो सांगायचा.

"मान पोळीबरोबर लागतो का रे?" बाई विचारायच्या. तरी त्याच्या ताटात एक पोळी जास्तच पडायची.

तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कुणाची काठी त्याच्या उजव्या डोळ्यावर बसली. हेल्मेट घातलं नव्हतं. नुसता सराव होता म्हणे. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगत होता, नुसती सूज आहे. बाई बघत होत्या. तो ओतायचा ते दूध कपाच्या कडेवर सांडत होतं. मागच्या भिंतीवर मारलेला चेंडू परत येताना त्याच्या हाताला चुकवून थेट शेजाऱ्यांच्या गुलाबात जात होता.

आज तो एक छापील कागद घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आंटी, हा धरून दाराशी उभ्या राहता? उद्या क्लबचा डॉक्टर डोळे तपासायला हाच तक्ता लावणार. पास झालो की रविवारी लंडनच्या टीममध्ये."

"आणि नाही झालास तर?"

"तर मग कधीच नाही. पण होणार."

बाईंनी पदराला हात पुसले आणि कागद घेतला. त्यातलं एकही इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, पण भाडेकरूला ते कशाला सांगायचं? मोठं अक्षर वर आणि बारीक खाली, एवढं स्वतःच्या मोतीबिंदूच्या वेळी पाहून ठेवलेलं होतं.

डेक्लन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाय जुळवले. चांगला डावा डोळा तळहातानं घट्ट झाकला.

बाईंनी अलगद कागद फिरवला. मोठं अक्षर त्यांच्या पोटाशी आलं, खाली डोकं वर पाय.

त्यानं सुरुवात केली. मोठ्या अक्षरापासून, एकेक ओळ करत, थेट बारकीपर्यंत. कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. शेवटचं अक्षर म्हणून झालं तरी डोळ्यावरचा हात त्यानं काढला नाही. तसाच हसला.

"किती चुकली, आंटी?"

कागद धरलेले हात बाईंनी खाली घेतले नाहीत.

"एकही नाही. पाठांतर चोख आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण कागद उलटा धरलाय मी, राजा. खेळ संपला तुझा."