परतीचा रकाना

"ह्यो लाल कशाला झाला गो?" सुंदरामावशींनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. मच्छीमार सोसायटीतली होड्यांची जुनी वही त्या मी बनवलेल्या तक्त्यात उतरवत होत्या.

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "मावशी, आकड्याच्या जागी आकडा, तारखेच्या जागी तारीख. दुसरं काही माझा तक्ता घेतच नाही. चूक शिरायला वावच ठेवलेला नाही." मग वाकून पाहिलं. होडी गेल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती आणि 'परत आली' या रकान्यात त्यांनी टाइप केलं होतं, 'येतील'. वहीतही तेच होतं, त्यांच्याच अक्षरात. ती होडी समुद्रात नेणारा तांडेल म्हणून त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं.

"रिकामा सोडा तो रकाना," मी हळूच म्हणाले. "चालतं."

"तुझ्या तक्त्याला चालत असेल." त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "तारीख कुठलीही घेतो?"

"हो."

त्यांनी एकेक आकडा शोधून दाबला. लाल रंग गेला. ती उद्याची तारीख होती.

पुण्याला परतल्यावर मी तोच तक्ता ऑनलाइन उघडला, तेव्हा त्या ओळीत पुन्हा दुसऱ्या दिवशीची तारीख होती. आठवड्याने पाहिलं, तेव्हाही. रोज सकाळी कचेरी उघडली की मावशी आधी तो एक रकाना बदलत होत्या.

पुढची तारीख घेऊ नये, असा नियम घालायला मला एक ओळ पुरली असती. मी ती अजून लिहिलेली नाही.