उजवी नळी

रेनोने वडिलांच्या दुनळीच्या नळ्या दस्त्यापासून सोडवल्या आणि शिकारीच्या कॅम्पातल्या खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. डाव्या नळीतून बाहेरचा उजेड दिसला. उजवीत मिट्ट काळोख.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? हिच्यातच खोट आहे," तो पुटपुटला.

सकाळपासून तो त्या बंदुकीच्या नावाने बोटं मोडत होता. यंदा त्याला एकही ग्राऊस पक्षी मिळाला नव्हता. आज शेवटच्या फेरीत एक अगदी पायाशी फडफडून उठला. रेनोने नेम धरला, उजवा चाप ओढला आणि नुसतं खट् झालं. डावा ओढेपर्यंत पक्षी झाडांआड. बंदूक उघडून पाहिली तर उजवी बाजू रिकामी. भरायलाच विसरलो की काय, म्हणून त्याने नवं काडतूस काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात रस्त्यावरून पुतणीने, मार्याने, गाडीचा भोंगा वाजवला. "रेनोकाका, चला! बाबांच्या पास्ट्या भाजून झाल्या असतील!" झालं, हंगाम आटोपला. वर्षभर वाट पाहायची आणि शेवटी हाती काय, तर खट्.

त्याने नळीत गज घालून जोराने ढकलला. टेबलावर एक काडतूस पडलं. पिवळं.

वीस बोअरचं होतं ते, मार्याच्या बंदुकीचं. तिच्या जाकिटाचा खिसा फाटला म्हणून तिची मूठभर काडतुसं त्यानेच आपल्या खिशात टाकून घेतली होती. बारा बोअरच्या जास्त रुंद नळीत ते बारकं काडतूस आत घसरून अडकून बसलं होतं. त्याच्यामागे आणखी एक भरून चाप ओढला असता, तर ती जुनी नळी रेनोच्या डाव्या हातातच फुटली असती.

त्याने गज बाजूला ठेवला. मग संताप आला, आणि काढायचा कुणावर ते कळेना, म्हणून जास्तच आला. कारण नियम त्याचाच होता. दोन जातींची काडतुसं ज्याच्या एका खिशात सापडतील, त्याची बंदूक या कॅम्पात पुन्हा यायची नाही. एका वर्षी धाकट्या भावाच्या, म्हणजे मार्याच्या बाबांच्या, कौकोच्या खिशात असंच एक पिवळं सापडलं होतं. खिशात, नळीत नव्हे. रेनोने त्याला चारचौघांत इतकं फाडून खाल्लं, की वडिलांच्या जोडीतली दुसरी दुनळी कौकोने पुन्हा आणलीच नाही. तेव्हापासून तो दर वर्षी येतो, चूल सांभाळतो, इतरांनी मारलेले पक्षी सोलतो.

"काय अडकलं होतं रे?" चुलीपाशी उभ्या कौकोने विचारलं.

रेनोची मूठ मिटली. "काही नाही. गवत."

"तरी म्हटलं, एवढा वेळ काय खुडखुड चाललीय." कौकोने त्याच्यापुढे मांस-बटाटा भरलेली गरम पास्टी ठेवली. मार्या बाहेर गाडीत सामान भरत होती. मूठ तशीच खिशात गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. रेनोने पास्टीचा घास तोंडात घातला. उरलेली ताटलीत परत ठेवली.

त्याने काडतूस ताटलीशेजारी ठेवलं.

कौकोने ते पाहिलं. हात पुसले. "कुठं होतं?"

"उजव्या नळीत."

कौको समोरच्या बाकावर बसला.

"पुढल्या वर्षी चूल माझ्याकडे," रेनो म्हणाला. "तू शिकारीला जायचंस."

"तुला बटाटा तरी सोलता येतो का?"

"शिकेन! थट्टा नको करू, कौको. तेव्हा चुकलं माझं. तू तुझी दुनळी आण."

"राहू दे रे."

"राहू दे काय? आण म्हटलं ना!" रेनोचा आवाज चढला, डोळे भरून आले. "आण म्हणजे आण!"

"कुठून आणू?" कौको म्हणाला. "त्याच हिवाळ्यात विकली ती मी."

आणि तो भांडी विसळायला उठला.