फिट येते

अंगठी पेराशी अडकली. सराफाने हलकाच पीळ दिला, तशी ती आत जाऊन बसली.

"बघा, कशी फिट बसली!" सराफ खूश झाला.

मुलीच्या आईच्या कपाळावर आठी आली. हा शब्द तिला खपतच नसे. घरी नळवाला "तोटी फिट केली" म्हणाला, तरी ती त्याला "बसवली म्हणा हो" म्हणायची. मुलीला जे व्हायचं, त्याला त्या घरात नुसतं 'तसं' म्हणत. गोळी चुकवू नकोस, तसं होईल. जागरण करू नकोस, तसं होईल. आणि आज निघताना, दाराला कुलूप लावता लावता, आईने बजावलं होतं, "तसलं काही बोलायचं नाही हं तिथे. एकदा लग्न होऊन जाऊ दे. मग बघू."

मुलीने मान हलवली होती, पण सांगायचं तिने ठरवलंच होतं. विषय कसा काढावा, एवढंच सुचत नव्हतं.

दुकानात तर आज त्या शब्दाला ऊत आला होता. सराफाचा एसी कालच फिट झाला होता. नवऱ्यामुलाचा कोट खांद्याला भलताच फिट होत होता. आणि होणाऱ्या सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसून सांगत होत्या, "आमच्या ह्यांची सत्तरी आली, पण काय बिशाद आहे दम लागायची! एकदम फिट." दर खेपेला आई मांडीवरची पर्स उघडायची आणि मिटायची.

"टोचत नाही ना गं?" सासूबाई मुलीकडे वळल्या. "नीट फिट येते ना?"

मुलीने बोटाकडे पाहिलं. शब्द आयताच समोर आला होता.

"हो काकू," ती म्हणाली. "मला फिट येते."

आईच्या मांडीवरची पर्स खाली पडली.

"झालं तर मग!" सासूबाईंनी टाळीच वाजवली. "पहिल्याच झटक्यात काम फत्ते. बिल करा हो."

"अंगठीचं म्हणतेय ती," आई घाईघाईने म्हणाली. कुणी काही विचारलंही नव्हतं.

नवरामुलगा हसला. मुलीलाही क्षणभर वाटलं, सुटलो बुवा. सांगितलं की आपण. अगदी स्पष्ट सांगितलं, चारचौघांत. उद्या कुणी म्हणालंच, तर ह्यातला एक शब्द खोटा नाही. पण सासूबाई तिच्या हातावर हात ठेवून इतक्या मोकळेपणी हसत होत्या की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अंगठीचं नाही काकू. मला. मला फिट येते. आठवीत होते तेव्हापासून. गोळ्या चालू आहेत. शेवटची येऊन दीड वर्ष झालं."

सराफाने काढलेलं पेन परत खिशात घातलं. नवा एसी तेवढा घरघरत राहिला.

"विहीणबाई, मीच तिला गप्प बस म्हटलं होतं," आईला रडू आवरेना. "चूक माझी आहे. तिला काही बोलू नका."

सासूबाईंनी मुलीचा हात उचलला आणि अंगठी ओढली. ती निघेना. त्यांनी पीळ देऊन पुन्हा ओढली. पेराशी कातडी गोळा झाली, मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, काय करतेस हे?" नवरामुलगा उठलाच.

"तू थांब जरा."

शेवटी अंगठी निघाली. सासूबाईंनी ती काचेवर ठेवली आणि सराफाकडे सरकवली.

"फिट नको आम्हाला."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुलगी आपलं लाल झालेलं बोट चोळत राहिली.

"सैल दाखवा," सासूबाई म्हणाल्या. "बोटातून सहज निघेल अशी. फिट आली की मूठ आवळली जाते हो. माझ्या भावाच्या बोटात इतकी रुतली होती, की अंगठी कापून काढावी लागली."

सराफ दुसरा ट्रे आणायला आत गेला. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि मुलीचं बोट आपल्या हातात घेऊन चोळायला लागल्या.

"आणि विहीणबाई," त्या वर न बघताच म्हणाल्या, "तुमची पर्स पडलीय कधीची. उचला ती."