प्रांजलीची शिकवणी

प्रांजली अकोल्याच्या मोबाइल गेमच्या टीमची कोच होती. प्रत्येक मॅचनंतर ती पोरांच्या चुका उकलून दाखवणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायची आणि ग्रुपवर लिंक पाठवून "पाहा रे बाबांनो" म्हणून त्यांच्या हातापाया पडायची. टीम चौघांची, आणि व्हिडिओ पाहणारेही दरवेळी बरोबर चारच. पाहतात तर खरं, मग यांच्या डोक्यात काहून शिरत नाही, या विचारानंच तिचं डोकं फिरायचं.

अमरावतीला लीगच्या फायनलमध्ये तिची पोरं गेममधल्या नेहमीच्याच पुलावरून, नेहमीच्याच आंधळेपणानं धावत सुटली. पलीकडं दर्यापूरची टीम दबा धरूनच बसली होती. चौघंही एका दमात खलास.

"पूल सोडा म्हणून सांगतलं होतं ना तुमाले? व्हिडिओ पाहून राहिले होते का झोपा काढून राहिले होते?" प्रांजली कडाडली. चौघांनीही मोबाइलात डोकं घातलं.

तेवढ्यात दर्यापूरचा कॅप्टन चषक काखेत मारून आला आणि वाकून तिच्या पाया पडला.

"ताई, तुमी लय मस्त समजावून सांगता. आमी चौघंही तुमचा एकेक व्हिडिओ पाहतो."